दुखण्यांचा समझोता

जुन्या डिझेल गाडीच्या कूलिंगचं काम काढायचं ठरलं की खरा प्रश्न पाना हातात घ्यायच्या आधीच सोडवावा लागतो: किती काढायचं? गळतंय तेवढंच बदलायचं, की त्याच्या अलीकडचं-पलीकडचंही?

माझ्या गाडीत संशय होता तो एक्सपान्शन टँकवर. बॉनेट उघडलं की कोपऱ्यात दिसते ती प्लास्टिकची टाकी, तापून फुगलेल्या कूलंटला, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाला, जागा देणारी. नवी असताना ती दुधी, अर्धपारदर्शक होती. आता इतकी पिवळी पडलीय की आतली पातळी बघायला मागून टॉर्च धरावा लागतो. जमिनीवर थेंब नाही, होज पाइपांवर ओल नाही, तरी पातळी हळूहळू ‘मिनिमम’च्या खुणेकडे सरकत होती. अशी गळती गाडी थंड असताना दिसतच नाही. इंजिन तापतं, आत दाब चढतो, टाकीच्या जोडावरची केसाएवढी भेग उघडते आणि बाहेर आलेला कूलंट तिथल्या तिथे वाळून जातो. मागे उरतो तो रंगीत, खरखरीत पापुद्रा. नखाने खरवडला की निघतो, काही दिवसांनी पुन्हा धरतो. इंजिन थंड असताना टाकीच्या तोंडाला हातपंप लावून दाब दिला की खरं काय ते कळतं. पंपावरचा काटा एका जागी राहिला तर ठीक. माझ्याकडे तो काटा सावकाश, पण निश्चितपणे खाली आला.

मेकॅनिकने तो बघितला आणि म्हणाला, “साहेब, टाकी टाकू नवी, झाकणासकट. बाकीचं चालतंय तोवर चालू द्या.” जुन्या गाडीवर जास्त खर्च करायला कोणी तयार नसतो, हे त्याला रोजच्या अनुभवाने माहीत. चालत्या वस्तूला हात लावू नये, हा त्याच्या धंद्यातला शहाणपणाही आहे. पण कूलिंगच्या बाबतीत मला हा सल्ला पटत नाही, आणि का पटत नाही ते सांगायचं तर आधी दाबाबद्दल बोलावं लागेल.

सुरुवातीच्या मोटारींमध्ये दाबाची भानगडच नव्हती. कार्ल बेंझच्या १८८६च्या गाडीत पाणी सरळ उकळू द्यायचे. वाफ उडून जायची, जाताना उष्णता घेऊन जायची, आणि कमी झालेलं पाणी वरून ओतायचं. १८८८ साली बर्था बेंझ त्या गाडीतून मानहाइमहून फोर्झहाइमला गेली, तेव्हा वाटेत मिळेल तिथून पाणी भरत गेली. पुढे विल्हेल्म मायबाखने मधमाशांच्या पोळ्यासारखी जाळी असलेला रेडिएटर केला. १९०१ साली शर्यतीत उतरलेल्या मर्सिडीज ३५ एचपीच्या रेडिएटरमध्ये अशा ८,०७० बारीक नळ्या होत्या. तेच पाणी फिरून फिरून वापरायची सोय झाली. फोर्डच्या मॉडेल टीमध्ये तर सुरुवातीच्या थोड्या गाड्या सोडल्या तर वॉटर पंपच नव्हता. गरम पाणी हलकं होऊन वर जातं, थंड खाली येतं, तेवढ्यावर ते इंजिन भागवायचं.

आजच्या इंजिनाचं तेवढ्यावर भागत नाही. इंजिन चांगलं तापलेलं असलं की चांगलं चालतं, पण पाणी मात्र १०० अंशांना उकळतं, आणि उकळत्या पाण्याचे बुडबुडे हेडच्या, म्हणजे सिलिंडरांवर झाकणासारख्या बसवलेल्या भागाच्या, आतल्या भिंतीवर चिकटून बसले की तिथली उष्णता पाण्यात उतरत नाही. उपाय म्हणजे दाब. हवेचा असतो तेवढाच आणखी एक दाब पाण्यावर चढवला की ते १२० अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात निम्मं ग्लायकॉल, म्हणजे कूलंटमधलं मुख्य रसायन, असेल तर ही हद्द आणखी वर सरकते. हा दाब सांभाळतं ते टाकीचं झाकण. त्याच्या पोटात स्प्रिंगवरचे दोन व्हॉल्व्ह असतात: एक दाब मर्यादेपलीकडे गेला की बाहेर सोडतो, दुसरा इंजिन थंड होताना हवा आत घेतो, नाहीतर पाइप चपटे होऊन बसतील. मर्यादा बहुतेक गाड्यांत एक ते दीड बारच्या दरम्यान असते (एक बार म्हणजे साधारण हवेचा असतो तेवढा दाब) आणि झाकणावर छापलेली असते.

आता या झाकणाची स्प्रिंग वर्षानुवर्षं दबून दबून थकते. दाब पुरता चढायच्या आधीच ते सोडून देऊ लागतं. गाडीवाल्याला हे कळायचं काही कारण नाही, कारण रोजच्या चालवण्यात पाणी १०० अंशांच्या आतच असतं. पण त्या थकलेल्या झाकणामुळे म्हाताऱ्या झालेल्या होजवरचा ताणही कमी झालेला असतो. तुम्ही मोठ्या हौसेने नवीन टाकी आणि नवीन झाकण बसवता. दाब पुन्हा कारखान्यातून निघाल्या दिवसाइतका चढतो. आणि आठवड्याभरात वरचा होज फाटतो.

लोक म्हणतात, नवीन पार्ट खराब निघाला. पार्ट चांगलाच असतो. जुन्या गाडीतली दुखणी आपसांत समझोता करून असतात. झाकण दाब सोडतं म्हणून होज टिकतो. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, किंचित उघडा अडकलेला असतो, इंजिन गरजेपेक्षा गार चालतं, म्हणून रेडिएटरच्या निम्म्या नळ्या बुजल्याचं कोणाच्या लक्षात येत नाही. रेडिएटरला सुईच्या टोकाएवढं भोक पडलेलं असतं, ते आतल्या गाळानेच बुजवलेलं असतं. तुम्ही यातलं कुठलंही एक दुखणं बरं केलंत की समझोता मोडतो आणि बाकीची दुखणी उघडी पडतात.

म्हणून माझा हिशेब वेगळा आहे. कूलिंगचं काम काढायचं तर दाबाखाली असलेलं सगळं रबर आणि सगळं प्लास्टिक एकदम बदलायचं. धातूकडे नंतर, नीट बघून. धातूचं म्हातारपण दिसतं तरी. गंज येतो, खड्डे पडतात, पांढरी भुकटी धरते. प्लास्टिक आणि रबर आपलं वय लपवतात. रेडिएटरच्या दोन बाजूंच्या टाक्या काचतंतू घातलेल्या नायलॉनच्या असतात. अॅल्युमिनियमच्या जाळीवर रबरी सील ठेवून, पत्र्याचे दात दुमडून त्या बसवलेल्या असतात. रोज तापायचं, रोज निवायचं, असं वर्षानुवर्षं चाललं की नायलॉन ठिसूळ होतं आणि होज काढताना त्याचं तोंडच हातात येतं. होजचं तर विचारूच नका. ते ईपीडीएम नावाच्या रबराचे असतात. हे रबर उष्णतेला आणि ग्लायकॉलला उत्तम तोंड देतं, पण त्याच्या बारीक चिरा आतून पडतात. कूलंट, धातूचं तोंड आणि रबर यांच्यात एक लहानशी विद्युत-रासायनिक खेळी चालते आणि टोकापासून दोन-तीन इंचांच्या पट्ट्यात भेगा आतून बाहेर येऊ लागतात. बाहेरून होज काळाकुळकुळीत, तुकतुकीत. थंड गाडीवर क्लिपेच्या जवळ आणि मग मधोमध दाबून बघा. टोकाशी जास्त मऊ लागला तर त्याचे दिवस भरले.

डिझेलवाल्यांसाठी याला आणखी एक पदर आहे. ईपीडीएमला तेल सोसत नाही. जुन्या डिझेल इंजिनावर कुठून ना कुठून तेलाचा पाझर असतोच. इंजेक्टरच्या रिटर्नच्या बारीक नळ्या ओलावतात, टर्बोच्या पाइपातून तेलकट वाफ सुटते. तो ओलावा खालच्या होजवर पडत राहिला की रबर फुगून स्पंजासारखं होतं. अशा ठिकाणी आधी पाझर बंद करायचा, मग होज टाकायचा. उलटं केलंत तर वर्षभरात पुन्हा तेच.

मला या सगळ्या कामात सर्वांत आवडतो तो थर्मोस्टॅट. मुठीत मावणारी चीज, ना वायर ना बॅटरी, आणि आख्ख्या इंजिनाचं तापमान तिच्या हुकमात. पितळेच्या छोट्या डबीत मेण भरलेलं असतं. ८०-८५ अंशांच्या आसपास ते वितळायला लागतं, वितळताना फुगतं, एका दांड्याला ढकलतं आणि झडप उघडते. पाणी निवलं की मेण आक्रसतं, स्प्रिंग झडप मागे ओढते. ही मेणाची युक्ती १९३०च्या दशकात सर्जियस व्हर्ने या संशोधकाने बसवली आणि नंतरच्या पिढ्यांनी ती जवळजवळ तशीच चालू ठेवली. तपासायचीही रीत सोपी. पातेल्यात पाणी, त्यात दोऱ्याने लटकवलेला थर्मोस्टॅट, शेजारी थर्मामीटर. पातेल्याच्या तळाला टेकू द्यायचा नाही, नाहीतर आकडा चुकतो. झडप हलायला लागली तो आकडा आणि थर्मोस्टॅटवर कोरलेला आकडा जुळतो का बघायचं. नवा थर्मोस्टॅटही मी असा तपासूनच बसवतो. स्वस्त नकली माल खोक्यातूनच उघडा अडकलेला निघू शकतो.

डिझेलमध्ये उघडा अडकलेला थर्मोस्टॅट वर्षानुवर्षं बिनबोभाट राहू शकतो. पेट्रोल इंजिन ट्रॅफिकमध्ये उभं राहिलं की तापतं. डिझेल उभ्या जागी इतकं थोडं इंधन जाळतं आणि त्याच्या मानाने इतकी हवा ओढतं की थंडीच्या दिवसांत तापलेलं इंजिन नुसतं चालू ठेवलं तर चक्क निवायला लागतं. मुळात डिझेल इंजिन इंधनातली ताकद जास्त कामाला लावतं, फुकट जाणारी उष्णता कमी. म्हणूनच सकाळी काटा वर चढायला त्याला इतका वेळ लागतो. झडप उघडीच असेल तर पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरतं आणि इंजिन कधी धड तापतच नाही. गाडी बंद पडत नाही, काही खडखडत नाही. डिझेल थोडं जास्त खाते, हीटरची हवा कोमट येते, आतली झीज वाढते. ज्या गाड्यांना धुराचा फिल्टर आहे, त्यांचा फिल्टर वेळेवर जळून साफ होत नाही. तक्रार करावी असं एकही ठोस लक्षण नाही.

आणि डॅशबोर्डवरच्या काट्यावर विसंबू नका. बऱ्याच गाड्यांत तो काटा मुद्दाम शांत केलेला असतो. पाणी ७५वर असो की १००वर, तो मधोमध. चालकाने उगाच घाबरू नये म्हणून केलेली ही सोय आहे, पण जुन्या गाडीच्या मालकाला घाबरायचा हक्क हवा. डायग्नोस्टिक सॉकेट असेल तर त्यात एक छोटं यंत्र लावून खरा आकडा बघता येतो. तो एकदा बघायला लागलात की चढावर, एसी लावल्यावर, सिग्नलला तो कसा हलतो याची सवय होते. मग बिघाड काट्याच्या आधी कळतो.

वॉटर पंपाबद्दल थोडक्यात. माझ्या इंजिनात तो टायमिंग बेल्टवर, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा मेळ राखणाऱ्या पट्ट्यावर, फिरतो, आणि तसा असेल तर बेल्ट बदलताना पंप बदलायचाच, यावर वाद नको. डिझेलमध्ये १६ ते २३ पटींचं कॉम्प्रेशन मिळवायचं म्हणून पिस्टन वर आला की हेडखाली जागा उरतच नाही. पंपाचं बेअरिंग जाम झालं, बेल्ट घसरला किंवा तुटला, की व्हॉल्व्ह थेट पिस्टनवर आदळतात. पंपाच्या अंगावर एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. आतलं सील झिरपायला लागलं की पाणी बेअरिंगमध्ये न जाता तिथून बाहेर येतं. त्या भोकाभोवती रंगीत ओघळ दिसला तर तो निरोप समजायचा. काही जण ते भोक गळतंय म्हणून बुजवतात. त्यांना काय म्हणावं!

कूलंटवर मात्र वाद घालायला मला आवडतं. पहिला वाद पाण्याचा. नळाच्या पाण्यातले क्षार गरम भिंतीवर थर धरतात आणि तो थर उष्णता अडवतो. डिस्टिल्ड वॉटरला पर्याय नाही. दुसरा वाद, जास्त कूलंट म्हणजे जास्त चांगलं या समजुतीचा. शुद्ध एथिलीन ग्लायकॉल उणे १३ अंशांच्या आसपासच गोठतं, पाण्यात निम्मं मिसळलं तर उणे ३७पर्यंत गोठत नाही. शिवाय उष्णता वाहून नेण्यात पाण्यासारखं काहीच नाही, ग्लायकॉल त्यात बरंच मागे. म्हणजे नुसतं ग्लायकॉल भरणारा दोन्हीकडून तोट्यात. नुसतं पाणी भरणाराही तोट्यातच, कारण त्यात गंज रोखणारी द्रव्यं नसतात आणि पंपाच्या सीलला वंगण मिळत नाही. तिसरा वाद रंगाचा. हिरवा, गुलाबी, निळा, पिवळा हे रंग कंपनीने घातलेले असतात, त्यांचा जगभर चालेल असा काही नियम नाही. आतलं रसायन महत्त्वाचं: जुन्या पद्धतीचं सिलिकेट-फॉस्फेटवालं, सेंद्रिय आम्लांचं, की दोन्हींचा मिलाफ. न जुळणारी दोन मिसळली तर गंजरोधक द्रव्यं एकमेकांना निकामी करतात, कधी चिखलासारखा गोळा होतो. गाडीच्या पुस्तकात कुठलं मानक दिलंय ते बाटलीच्या मागच्या बाजूला शोधायचं आणि समोरचा रंग विसरायचा.

काढलेला कूलंट गटारात किंवा मातीत ओतायचा नाही. ग्लायकॉल गोड लागतं. कुत्री-मांजरं ते चाटतात, आणि थोडं पोटात गेलं तरी मूत्रपिंडं निकामी होऊन मरतात. झाकणाचा डबा, त्यावर मोठ्या अक्षरांत नाव, आणि जिथे वापरलेलं तेल घेतात तिथे चौकशी.

प्रत्यक्ष कामात अर्धा वेळ जातो तो जुने होज सोडवण्यात. ओढायचे नाहीत. पिळून आधी सुटे करायचे, आणि नाहीच निघाला तर होज लांबीत चिरायचा. तो तसाही टाकायचाच आहे, वाचवायचं आहे ते खालचं तोंड. क्लिपांच्या बाबतीत मी कंपनीच्या बाजूचा आहे. स्क्रूने आवळायची पट्टी दिसायला भक्कम, पण रबर बसलं की ढिली पडते आणि जास्त आवळली की प्लास्टिकचं तोंड तडकवते. स्प्रिंगची क्लिप गरम-गार होताना आपणहून आवळत-सैलावत राहते. तिला पकड लावताना बोटं सोलली जातात, तेवढं सोसावं.

रेडिएटर निघालाच आहे तर त्याच्या पुढचा एसीचा कंडेन्सर आणि त्याच्यामधली फट बघायची. तिथे वर्षानुवर्षांची धूळ, किडे, पिसं, सुकी पानं यांचं जाड कांबळं साचलेलं असतं. बाहेरून पाणी मारून ते निघत नाही. माझ्या गाडीतला हा थर काढल्यावर एसी लावून चढ चढताना दिसणारा आकडा आधीपेक्षा चांगलाच खाली आला, आणि त्यासाठी एकही पार्ट लागला नाही.

भरताना हवा राहू द्यायची नाही. हीटरचा खटका पूर्ण गरमवर, नाक किंचित चढावर, हवा सोडायचा ब्लीड स्क्रू उघडा, आणि कूलंट धार धरून सावकाश. स्क्रूतून बुडबुडे संपून सलग धार आली की आवळायचा. वरचा होज अधूनमधून दाबायचा. थर्मोस्टॅटच्या तबकडीवर एक लहानसं भोक आणि त्यात लटकती पिन असते, हवा जावी म्हणून. ती बाजू वर ठेवायची. इंजिनने हवा धरली असेल तर हीटर कोमट येतो किंवा डॅशबोर्डमागून पाणी खळखळल्याचा आवाज येतो. मग निवू द्यायचं आणि पुन्हा. गरम असताना झाकणाला हात नाही. दाब सुटला की १०० अंशांच्या वरचं पाणी क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं.

एवढं करूनही पातळी उतरत राहिली तर मग दोनच मोठे संशय. एक हेड गॅस्केट, म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक यांच्या मधलं सील. हेड अॅल्युमिनियमचं, ब्लॉक ओतीव लोखंडाचा, आणि अॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. एकदा जोरात तापलेली गाडी म्हणूनच पहिल्यासारखी राहत नाही. निळ्या द्रावाची एक नळी टाकीच्या तोंडावर धरून तपासता येतं. जळलेला वायू कूलंटमध्ये येत असेल तर द्रावाचा रंग हिरवट-पिवळट होतो. दुसरा संशय डिझेलवाले विसरतात तो: ईजीआर कूलर. इंजिनाचा थोडा धूर पुन्हा त्याच्याच आत सोडतात, तो गार करण्यासाठी या कूलरमधून कूलंट फिरवलेला असतो. कूलर आतून फुटला की कूलंट थेट इंजिनाच्या श्वासात जातो आणि पांढऱ्या धुरावाटे निघून जातो. बाहेर टिपूसही नाही. हेड उतरवायला निघालेल्याने आधी हा बघावा. माझ्या गाडीत दोन्ही ठीक निघाले.

समझोत्यातला एक भागीदार मात्र मी जाणूनबुजून तसाच ठेवलाय: हीटर कोअर, म्हणजे गाडीच्या आतली हवा गरम करणारा छोटा रेडिएटर. तो डॅशबोर्डच्या पोटात असतो, आणि त्याच्यापर्यंत पोचायचं तर स्टीअरिंगपासून एसीच्या नळांपर्यंत सगळं उतरवावं लागतं. एवढी जुनी डॅशबोर्ड एकदा काढली की तिचे ठिसूळ प्लास्टिकचे खिळे अर्धे मोडतात आणि गाडी जन्मभर किरकिरते. कमी दाबाने उलट्या दिशेने पाणी सोडून तो धुतला. आधी चहासारखं, मग निवळ आलं. गळती थांबवणारी पूड घालायचा सल्लाही मिळाला, पण ती पूड भोक आणि नळी यांत फरक करत नाही आणि हीटरच्या नळ्या सर्वांत बारीक. कधीतरी गाडीत गोडसर वास येईल, काच आतून चिकट धुकेल, पायाखालचा गालिचा ओला लागेल. तेव्हा फायरवॉलपाशी, म्हणजे इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधल्या भिंतीपाशी, हीटरचे दोन होज सोडवून एकमेकांना जोडले की गाडी हीटरविना घरी येऊ शकते. त्यासाठी मापाचा जोडतुकडा आणि दोन क्लिपा डिकीत जॅकशेजारी ठेवून दिल्या आहेत.